महानंदाताई, तुमची चुकांची वही

महानंदाताई,

आमच्या पेपरात तुमच्या निधनाची बातमी सहा ओळींत आली. मीच लिहिली. शासकीय रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिका, अल्प आजारानं नांदेड इथं निधन, गावी अंत्यसंस्कार, मागे दीर, भाऊ, भाचा. पाठवण्याआधी दोनदा वाचली. तपशील सगळे बरोबर होते. तुम्ही ती वाचली असती तर चष्मा कपाळावर सारून म्हणाला असतात, "झ्याक हाय. द्या इकडं तो पेपर, ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात घालायला होईल." माझ्या बहुतेक बातम्यांची जागा तुम्ही तीच ठरवली होती.

लिंगायत रीतीप्रमाणे तुम्हाला समाधीच्या खड्ड्यात बसवलं, कपाळाला विभूती लावली, आणि आम्ही एकेक करून मूठमाती दिली. मी बाजूला झालो आणि नकळत नळ शोधू लागलो. मग लक्षात आलं की आता कुणी बघत नाही. तरी हात धुतले. बोटांच्या मधली जागा, अंगठे, मनगट, तुमच्या क्रमानं.

आपली ओळख दुष्काळातली. लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. जिल्ह्यातले बातमीदार सगळे स्टेशनवर होते आणि मला आपल्या गावी पाठवलं होतं, लातूर-नांदेडच्या सीमेवरच्या आपल्या तालुक्याला. काम सोपं होतं. सरकारी दवाखान्यात पाणी नाही, रुग्णांचे हाल, एक फोटो. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. त्याचं कारण पुढं येईल.

दवाखान्याच्या मागच्या हौदाच्या आत, अर्ध्याच्या थोडं खाली, लाल ऑइलपेंटची एक रेघ होती. टँकर एक दिवसाआड यायचा. रेघेच्या वरचं पाणी सगळ्यांचं. रेघेखालचं बाळंतिणींच्या खोलीचं, ऑपरेशनचं आणि हात धुण्याचं. मी हौदात वाकून बघत होतो तेव्हा तुमचे वैद्यकीय अधीक्षक, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणायचे, घाम पुसत तिथं आले.

"सिस्टर, त्रेचाळीस डिग्री आहे. कूलरला चार बादल्या द्या."

"पाणी रेघेला लागलंय, सर."

"अहो, रेघ तुम्हीच मारलीत ना?"

"हाव. म्हणून तर ठाऊक हाय, कुठं हाय ती."

साहेब हसले नाहीत, पण परत गेले. मी वहीत लिहून घेतलं. तुम्ही मला विचारलंत, "पेपरवाले का? मग हात धुवा आणि आत या."

त्या वर्षी दवाखान्याची मानांकनाची तयारी चालली होती. बाहेरचे तपासणीस येणार, औषधांच्या कपाटापासून कचऱ्याच्या बादलीपर्यंत सगळं बघणार, गुण देणार, आणि बसलं गणित तर रुग्णांसाठी सुरक्षित दवाखाना म्हणून प्रमाणपत्र मिळणार. गावाला या प्रमाणपत्राची घाई होती, पण ती रुग्णांसाठी नव्हती. नवा जिल्हा होणार अशी हवा होती आणि आपल्या गावाचा त्यावर दावा होता. मुख्य बाजारातले कापडाचे व्यापारी बसवप्पाकाका, तुमच्या नात्यातलेच, जिल्हा कृती समितीचे अध्यक्ष होते. त्यांच्या निवेदनात नवव्या क्रमांकावर लिहिलं होतं की गावात मानांकनप्राप्त रुग्णालय आहे. ते अजून व्हायचं होतं.

मी तुम्हाला म्हणालो होतो, "ताई, प्यायला पाणी नाही आणि तुम्ही भिंतीवर लावायला बोर्ड मागताय."

तुम्ही मला बाळंतिणींच्या खोलीच्या दाराशी नेलंत. तिथं कोपऱ्यात एक एनॅमलचं जुनं घमेलं उपडं घातलेलं होतं. पूर्वी त्यात जंतुनाशक घातलेलं पाणी असायचं. सकाळी भरायचं, आणि दिवसभर डॉक्टर, सिस्टर, दाई सगळ्यांनी त्यातच हात बुडवायचे. औषध आहे ना पाण्यात, मग झालं. दुष्काळामुळे ते घमेलं परत काढा, पाणी वाचेल, असं वरिष्ठांचं म्हणणं होतं. तुम्ही घमेल्याऐवजी स्टुलावर तोटीची बादली ठेवली होती आणि खाली दुसरी बादली. तोटी कोपरानं उघडायची. वाहत्या धारेखाली हात धुवायला किती पाणी लागतं ते तुम्ही मापाच्या भांड्यानं मोजलं होतं, पुन्हा पुन्हा, कमी होत होत जिथं थांबावं लागलं तिथपर्यंत. खाली जमलेल्या पाण्यानं पोर्चमधली फरशी पुसली जायची.

"दुष्काळ पडला म्हणून जंतू गाव सोडून जात न्हाईत, पेपरवाले," तुम्ही म्हणालात. "त्यांना रेल्वेची गरज न्हाई."

मी बातमी दिली ती पाणीटंचाईची. लाल रेघ त्यात एका वाक्यात आली. तोटीची बादली आली नाही. त्या भागात कुणी मेलं नव्हतं, कुणी रडलं नव्हतं, आणि आमच्याकडे बातमी म्हणजे काहीतरी घडलेलं असावं लागतं. तुमचं काम बहुतेक न घडलेल्या गोष्टींचं होतं. हे कळायला मला फार वर्षं लागली, ताई, आणि ते सुद्धा तुमच्याशी भांडून.

त्या तयारीत तुम्ही एक वही सुरू केली होती. कागदोपत्री तिचं नाव घटना नोंदवही. दवाखान्यात सगळे तिला चुकांची वही म्हणायचे. ज्याच्या हातून चूक झाली किंवा होता होता राहिली, त्यानं ती स्वतःच्या अक्षरात लिहायची. काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करता येईल. सही ऐच्छिक. तुम्ही पहिलं पान स्वतः भरलं होतं. एकसारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्यामुळे तुमच्या हातात चुकीची बाटली आली होती, सुई भरण्याआधी लक्षात आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर तुम्ही ते निळ्या शाईत, स्वच्छ लिहून खाली पूर्ण सही केलीत. त्यानंतर बाकीचे लिहू लागले. झाडलोट करणाऱ्या धुरपताबाईंना लिहिता येत नव्हतं, त्या सांगायच्या आणि तुम्ही लिहायचात. कचऱ्याच्या काळ्या पिशवीत सुई सापडली, असं त्यांनी दोनदा लिहायला लावलं, आणि डॉक्टरचं नाव पण घाला म्हणून हटून बसल्या. तुम्ही घातलं नाही.

मग रेणुकाचं प्रकरण झालं.

माहूरची देवी जवळ, त्यामुळे रेणुका या नावाला आपल्याकडे तोटा नाही. आणि लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत. सासरी कविता झालेली मुलगी माहेरी आली की पुन्हा रेणुका होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे सोबत आई. सासरी काढलेल्या कार्डावर कविता आणि आईच्या तोंडी रेणुका, अशी एक मुलगी तुमच्या वॉर्डात खिडकीजवळ होती. शेजारच्या खाटेवर दुसरी, कागदावरच रेणुका असलेली. दोघींच्या अंगात रक्त कमी, दोघींना रक्ताची पिशवी सांगितलेली. कागदावरच्या रेणुकाची पिशवी आधी आली. ड्युटीवरची परिचारिका नवी होती, वर्षभरापूर्वी लागलेली. तिनं दारातून विचारलं, "रेणुका कोण?" कागदावरची रेणुका तेव्हा संडासला गेली होती. खिडकीजवळच्या मुलीची आई उठून म्हणाली, "ही बघा की, हीच माझी रेणुका." नवी परिचारिका पिशवी घेऊन जवळ गेली, "तूच रेणुका ना?" मुलगी म्हणाली, "हाव."

कुणीही खोटं बोललं नव्हतं.

रक्त सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं खाटेजवळ उभं राहायचा तुमचा नेम होता, दुसऱ्या कुणी लावलेलं असलं तरी. तुम्ही आलात तेव्हा मुलगी थंडी वाजते म्हणत होती, कंबर दुखते म्हणत होती. मे महिन्यात थंडी. तुम्ही पिशवीवरचा क्रमांक आणि खाटेवरचा कागद ताडून पाहिलात आणि हात वर करून नळी बंद केलीत. नळी बदलली, सलाइन लावलं, साहेबांना बोलावलं, पिशवी आणि नमुना तपासायला पाठवला, रुग्णवाहिका काढायला लावली. मुलगी मोठ्या दवाखान्यात तीन दिवस राहिली. वाचली. तिला मुलगा झाला.

मला हे चार दिवसांनी एका नातेवाइकाकडून कळलं. तुम्ही नाकाराल अशा तयारीनं मी आलो होतो. प्रश्न लिहून आणले होते. तुम्ही पहिल्या प्रश्नाआधीच वही माझ्यासमोर ठेवलीत. त्या परिचारिका पोरीनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: मी नाव विचारलं नाही, मी "तूच रेणुका ना" असं विचारलं. कागद पाहिला नाही. घाई नव्हती, तरी पाहिला नाही. खाली सही.

मी चोवीस वर्षं या धंद्यात आहे. कुणी आपल्या चुकीबद्दल "घाई नव्हती" असं स्वतःहून लिहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"लिहा तुम्ही," तुम्ही म्हणालात. "लोकांना कळू द्या, असं बी होतं. दुसऱ्या दवाखान्यात होऊ न्हाई. पण पोरीचं नाव नको."

मी शब्द दिला आणि पाळला. नाव दिलं नाही. बातमीत लिहिलं: दुपारच्या पाळीतील कंत्राटी परिचारिका.

दवाखान्यात कंत्राटी परिचारिका त्या दुपारी एकच होती. हे मला माहीत होतं का, असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी नाही म्हणालो. ते खरं होतं. माहीत करून घ्यायला मला एक फोन पुरला असता, हेही खरं आहे. मी तपशील भरला कारण तपशील भरायचा असतो, असं मला शिकवलं होतं. मथळा ऑफिसातल्या डेस्कवर दिला गेला, त्यात निष्काळजीपणा हा शब्द होता. दोन दिवसांत वरून आदेश आला. चौकशी न होता तिचं कंत्राट संपलं. गावातल्या पोरांनी तिच्या दारासमोरून जाताना "रेणुका कोण?" असं ओरडायला सुरुवात केली. गावाचं नाव मी का लिहीत नाही ते आता सांगून झालं.

तुम्ही माझ्यावर ओरडला नाहीत. त्याच आठवड्यापासून वॉर्डात नवा नियम आला. नाव सांगायचं नाही, नाव विचारायचं, आणि दोन्ही विचारायची, माहेरचं आणि सासरचं. बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, आईनं किंवा सासूनं नाही. दोन्ही नावं आणि कागदाचा क्रमांक चिकटपट्टीवर लिहून ती मनगटाला गुंडाळायची. पुढं छापील पट्ट्या आल्या. एकदा मी बाहेर बाकावर बसलो असताना आतून हसण्याचा आवाज आला. तुम्ही एका बाईला नवऱ्याचं नाव कार्डाशी जुळवायला विचारलं होतं आणि तिनं सुई टोचून घेण्याआधी उखाणाच घातला.

"टँकरच्या पाण्याला घागरींची रांग, माधवरावांचं नाव घेतलं, आता सुई कुठं ती सांग!"

"दंडात," तुम्ही म्हणालात. "आणि पुढच्या वेळी नुसतं नाव सांग माय, माझ्याकडं येळ न्हाई."

पण वही कोरी झाली. बातमी छापून आली त्या दिवसानंतर त्या वहीत एकही नोंद नाही. एक महिना, दोन महिने. साहेब खूश होते. शून्य चुका. तपासणी जवळ आली होती आणि बसवप्पाकाका रोज दवाखान्यात चक्कर टाकत होते, रंग कोणता दिला, कुंड्या कुठं ठेवल्या बघत. तुम्ही मला बोलावून ती वही दाखवलीत.

"काय दिसतंय?"

"काही नाही."

"तेच. बाटल्या त्याच, माणसं तीच, पाणी तेवढंच. आणि एकाच्याही हातून काही झालं न्हाई? समदे लपवून राहिलेत. आता मला कुठं काय होणार हाय, ते कसं कळावं?"

मी म्हणालो की बातमी खरी होती. तुम्ही म्हणालात, "खरी होती. म्हणून तर खोडता येईना."

तपासणीचा दिवस मी शेवटपर्यंत पाहिला. तीन तपासणीस होते, तिघंही दुसऱ्या जिल्ह्यांतले. माझी अपेक्षा होती की ते साहेबांच्या खोलीत बसून फायली बघतील. ते हौदावर गेले. लाल रेघ पाहून एक जण बराच वेळ तिथं उभा राहिला. मग ते धुरपताबाईंकडे गेले. हाताला वापरलेली सुई टोचली तर काय कराल, एकानं विचारलं. बाईंनी सांगितलं, दाबायचं नाही, धारेखाली धुवायचं, सिस्टरला सांगायचं, वहीत लिहायला लावायचं. मग त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "सायेब, तुमी आत आलाव, हात धुतले का?" तपासणीस मुकाट्यानं बादलीकडे गेला. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

दुपारी सगळे मोठ्या टेबलाभोवती बसले. घटना नोंदवही समोर आली. मुख्य तपासणीस बाईंनी शेवटची कोरी पानं उलटली आणि त्या "छान" असं काहीतरी म्हणाल्या. तिथं गप्प बसणं पुरेसं होतं, ताई. निवृत्तीला तुमची काही वर्षं उरली होती, साहेब शेजारी होते, बसवप्पाकाका दाराबाहेर हार घेऊन होते. तुम्ही उभ्या राहिलात, पर्समधून कात्रण काढलंत आणि वहीवर ठेवलंत. माझी बातमी होती. घडीवर जीर्ण झाली होती.

"मॅडम, हे पान छान न्हाई," तुम्ही म्हणालात. भाषा शुद्ध करायचा प्रयत्न करत होतात, मध्येच सुटत होती. "याच्या आधीची पानं भरलेली आहेत, ती बघा. त्यानंतर ही बातमी आली. एका पोरीनं खरं लिहिलं, तिची नोकरी गेली. तवापासून कुणी लिहीत न्हाई. चुका होतात, पण मला दिसत न्हाईत. आमच्या दवाखान्यात पेशंट आज सुरक्षित आहे का, तर मला सांगता येत न्हाई. तुमच्या कागदात तसं लिहा."

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. बघितलं असतंत तर बरं झालं असतं. अनेक मोठ्या माणसांची भाषणं मी टिपून घेतली आहेत. त्या दुपारी माझी वही उघडी होती आणि मी एक शब्द लिहिला नाही. वरची वाक्यं आठवणीतून आहेत, आणि ती बरोबर आहेत.

मानांकन मिळालं नाही. थोड्या गुणांनी गेलं.

गावानं ते तुमच्या नावावर टाकलं. सिस्टरनं जिल्हा घालवला, असं पानटपरीपासून बाजारापर्यंत बोललं गेलं. बसवप्पाकाका तुमच्या घरी आले तेव्हा योगायोगानं मी तिथं होतो.

"महानंदे, अगं घरचं झाकून ठेवावं, दारचं दाखवावं. एवढं बी कळंना व्हय तुला?"

"काका, तुमच्या दुकानात कापडाला भोक असलं तर तुम्ही घडी उलटी घालता. ठाऊक हाय मला."

"मग?"

"तिथं गिऱ्हाईक मरत न्हाई."

काकांनी चहा अर्धा ठेवला. पुढची दोन वर्षं ते तुमच्याशी बोलले नाहीत. त्यांना चक्कर येऊन तुमच्याच वॉर्डात आणलं, तेव्हा तुम्ही त्यांना पहिला प्रश्न विचारलात, "नाव सांगा." आणि ते म्हणाले, "तुला म्हाईत न्हाई व्हय माझं नाव?" आणि तुम्ही म्हणालात, "मला हाय. तुमच्या तोंडून पायजे."

मानांकन पुढच्या फेरीत मिळालं. तोपर्यंत वहीत पुन्हा नोंदी होऊ लागल्या होत्या. त्यासाठी तुम्ही काय केलंत ते मी पाहिलं आहे. दर सोमवारी सकाळी आदल्या आठवड्यातली स्वतःची एक चूक सगळ्यांसमोर वाचून दाखवायचात. आठवडे गेले, फक्त तुमच्याच नोंदी होत्या. मग एका सोमवारी एक तरुण डॉक्टर उठला. प्रमाणपत्राचा समारंभ झाला तेव्हा फोटोत तुम्ही नाही. शोधलं तर बादलीची तोटी गळत होती, ती तुम्ही बदलून घेत होतात. नवा जिल्हा अजून झालेला नाही. नवव्या क्रमांकाचं कलम आता खरं आहे, एवढाच फरक.

आपलं भांडण मात्र संपलं नाही. तुम्ही म्हणायचात की चूक सांगणाऱ्याला अभय पाहिजे, नाहीतर चूक तळाशी जाऊन बसते. मी म्हणायचो की सगळ्या दवाखान्यांत महानंदाताई नसतात, पुष्कळ ठिकाणी बातमी आल्याशिवाय पान हलत नाही, आणि ज्या बाईला चुकीचं रक्त लागलं तिला कळण्याचा हक्क आहे. तुम्ही म्हणायचात, तिला मी त्याच दिवशी सांगितलं होतं, आईला समोर बसवून, तुम्ही विचारलंच न्हाई. हे खरं होतं. मी तिच्याकडे गेलोच नव्हतो. आजही मला वाटतं की ती बातमी छापायलाच हवी होती. त्यातले 'दुपारच्या पाळीतील कंत्राटी परिचारिका' हे चार शब्द नको होते. हे एवढं साधं वाक्य मी तुम्हाला कधी म्हणालो नाही. दर वेळी बातमी खरी होती इथूनच सुरुवात करायचो.

त्या पोरीसाठी तुम्ही जिल्ह्याच्या कार्यालयात किती खेटे घातलेत ते मला उशिरा समजलं. तिला परत घेतलं नाही. ती नांदेडला गेली, खासगी दवाखान्यात लागली, एवढंच कानावर होतं.

तुमच्या मातीनंतर पाचव्या दिवशी तुमचा भाचा नांदेडला कागद आणायला निघाला. मी त्याच्याबरोबर गेलो. गाडीत त्यानं सांगितलं की आजार कळल्यावर सगळ्यांचं म्हणणं होतं लातूरला न्यावं, घर जवळ, ओळखीचे डॉक्टर. तुम्ही नांदेडचं ठरवलंत, दवाखाना ठरवलात, मजला सुद्धा. "आत्या म्हणाली, तिथं माझी एक पोरगी हाय. आमाला वाटलं, असंल कुणी."

ती नर्सिंग स्टेशनवर उभी होती. मी तिला ओळखलं नाही, तिनं ओळखलं.

"तुम्ही पेपरवाले ना?"

मी हो म्हणालो. मग जे तुम्हाला म्हणायला हवं होतं ते तिला म्हणालो. चार शब्दांबद्दल. उभ्यानंच, शेजारून स्ट्रेचर जात असताना. तिनं मध्ये थांबवलं नाही.

"लई रडले होते मी तेव्हा," ती म्हणाली. "तुम्हाला शिव्या पण दिल्या. आईनं तर रेणुकेला नवस बोलला होता, तुमचा पेपर बंद पडावा म्हणून." मग विचारलं, "बंद न्हाई ना पडला?"

"नाही. पानं कमी झालीत."

ती हसली. मग तिनं सांगितलं की इथं नोकरीला आली तेव्हा तुम्ही तिला एक चिठ्ठी दिली होती. तिच्या हातून एकदा चुकीची पिशवी लागली आहे, ती तिनं स्वतः लिहून ठेवली आहे, म्हणून हिला घ्या. तशी शिफारस घेऊन जायला ती घाबरत होती. तुम्ही म्हणाला होतात, चिठ्ठी वाचून जे न्हाई म्हणतील, त्यांच्याकडं तू नकोच.

आणि तिनं सांगितलं की शेवटच्या आठवड्यात तुम्हाला रक्त लागलं. पिशवी आली तेव्हा पाळी तिची होती. तिनं दुसऱ्या सिस्टरला विनंती केली, तुम्ही लावा, माझ्यानं होणार नाही. तुम्ही डोळे मिटून पडला होतात, पण ऐकत होतात.

"म्हणाल्या, दुसरी कशाला? मी एवढ्या लांब कशाला आले? तूच लाव. मग मी नाव विचारलं. आवाज निघत नव्हता त्यांचा नीट, पण दोन्ही सांगितली, माहेरचं पण, सासरचं पण. मी ताडून पाहिलं, दुसऱ्या सिस्टरनं ताडून पाहिलं. लावली. पहिली पंधरा मिनिटं मी तिथंच उभी होते. त्यांना झोप लागली होती, सर. घोरत होत्या."

भाचा कागदांवर सह्या करत होता. मग माझ्या लक्षात आलं की महानंदा हे तुमचं सासरचं नाव आहे. इतकी वर्षं मी तुम्हाला त्याच नावानं हाक मारली, त्याच नावानं बातमी दिली, आणि माहेरी तुम्हाला काय म्हणायचे हे कधी विचारलं नाही.

"ताईंचं माहेरचं नाव काय होतं?" मी विचारलं.

तिनं फाईल मिटून छातीशी धरली.

"ते पेशंटच्या कागदातलं आहे, सर. ते आम्ही सांगत नसतो."

तिनं ते कसल्याही रागाशिवाय सांगितलं. तुमचा भाचा चार पावलांवर होता. त्याला विचारलं असतं तर त्यानं लगेच सांगितलं असतं.

मी विचारलं नाही.